भूपालचा घसा गेला नव्हता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मालनलासुद्धा नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या अंगावरचे तीळ तिला पाठ आहेत — पण हे तिला ठाऊक नाही. ती हे वाचेल. बहुतेक आतल्या खोलीत बसून वाचेल, आणि बराच वेळ बाहेर येणार नाही.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं हे वाक्य ओठापर्यंत येतं आणि थांबतं. वाक्य ओठाशी थांबणं मला नवीन नाही म्हणा. मी जन्माचा तोतरा. पण ते असू दे. आधी भूपालबद्दल बोलतो. त्याच्याबद्दल बोलायला लागलं की मला अजूनही बरं वाटतं.

भूपाल चौगुले. पलूसजवळच्या एका गावचा. जैन घर, वडिलांची सांगलीला हळदीची अडत. त्याचे हात कायम पिवळे. कितीही धुतले तरी नखांच्या कडेला हळद राहायचीच. दिवसभर पेढीवर बसायचा, पोती मोजायचा, गिऱ्हाइकाला चहा सांगायचा. आणि संध्याकाळी? संध्याकाळी तो चांदीचा व्हायचा.

गंमत वाटेल तुम्हाला. साल साधारण बाहत्तर-त्र्याहत्तर असेल. मिरजेच्या एका रद्दीवाल्याकडं भूपालला एक विलायती मासिक सापडलं. त्यात एका गाणाऱ्या पुरुषाचा फोटो होता — डोळ्यांवर चमकी, ओठाला रंग, अंगात चकाकणारा घट्ट झगा, पायांत वीतभर उंच बूट, गळ्यात गिटार. त्या माणसाचं गाणं भूपालनं कधी ऐकलेलं नव्हतं. पुढंही कधी ऐकलं नाही. नुसता फोटो बघितला आणि विचार करत राहिला, की असा दिसणारा माणूस गात कसं असेल? त्याला जे उत्तर सुचलं, ते त्याचं गाणं.

मिरजेच्या एका सतार करणाऱ्या कारागिराला गळ घालून त्यानं गिटार बनवून घेतली. चंद्रकोरीच्या आकाराची. बुटांना टायरचे थर लावून चांभाराकडून उंच तळ केले आणि वरून पत्र्याच्या पिंपाला देतात तो चंदेरी रंग मारला. डोळ्यांवर लावायला अभ्रकाची पूड, खोबरेल तेलात कालवून. काजळ आईचं. आणि गाणी स्वतःची, आपल्या भाषेतली —

‘चांदीचं माझं अंग, हळदीचे हात,
चंद्रा रं चंद्रा, तू कुणाच्या रानात?’

कागदावर हे काहीच वाटत नाही, मला माहीत आहे. पण तो शेवटचा ‘रानात’ तो असा वर फेकायचा की बाया डोक्यावरचा पदर धरायच्या. जणू वारं सुटलंय.

लोक हसायचे. हसणारच. ‘झगमग ऑर्केस्ट्रा’ असं पार्टीचं नाव. गणपतीत, उरुसात, जत्रेत बोलावणं यायचं ते तमासगीर मिळाले नाहीत तर. कुणी नाच्या म्हणे, कुणी त्याहून वाईट. त्याचे वडील त्याच्याशी फक्त हळदीपुरतं बोलत. पण आम्ही काही जण होतो. फार नाही, एका टेम्पोत मावतील एवढे. तो जिथं गाईल तिथं आम्ही. एसटीनं, सायकलीवर, बैलगाडीत बसून. कानामागं अभ्रकाचं बोट लावायचो. घरच्यांना दिसू नये, पण एकमेकांना दिसावं, असं. बाजारात एखाद्याच्या कानामागं चमकलं की ओळख नसली तरी मान हलायची. जगात आपलं माणूस आहे — ही भावना तुम्हाला कधी आली आहे का? मला तोवर आली नव्हती.

आता माझं सांगतो. सांगावंच लागेल.

सातारच्या अंगाला आमचं गाव. ऊस, आणि फौज. आजा फौजेत, चुलते फौजेत, थोरला भाऊ फौजेत. मीही भरतीला गेलो. छाती भरली, उंची भरली, पळण्यात पहिला आलो. मग टेबलामागच्या साहेबानं नाव विचारलं. सर्जेराव. चार अक्षरं. मी ‘स’वर अडकलो. ‘स… स… स…’ मागं रांगेत कुणीतरी सापासारखा फुत्कार काढला आणि सगळी रांग हसली. साहेब हसला नाही. त्यानं नुसता हात हलवला, पुढचा माणूस बोलावला. घरी आलो तेव्हा वडील म्हणाले, “नाव तरी सांगायचं हुतंस रं.” बस. एवढंच. पण त्यानंतर मी त्या घरात जेवताना मान वर केली नाही.

मामांनी सांगलीला नेलं. त्यांचं लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. तोतऱ्या माणसाला काम कुठलं, तर कर्णे टांगायचं. माईक लावून झाला की ‘हॅलो, हॅलो’ म्हणायचं असतं. मी म्हणायचो नाही. बोटानं टकटक करायचो.

भूपाल मला पहिल्यांदा भेटला तो तिथंच, तासगावच्या एका मांडवात. मी माईकवर टकटक करत होतो. तो मागं बसून आईनं दिलेला डबा खात होता. कार्यक्रम कितीही मोठा असो, जेवण दिवस मावळायच्या आत. ते त्यानं कधी मोडलं नाही. डोळ्यांवर चांदी, पुढ्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

“बोल की रं त्यात,” तो म्हणाला. “टकटक काय करतुयास? दार हाय व्हय ते?”

मी मान हलवली. तोंड उघडलं, ‘ह… ह…’ झालं, मिटलं. तो बघत राहिला. हसला नाही. हात धुऊन जवळ आला.

“गाऊन म्हण.”

मी माईकवरचं बोट मागं घेतलं.

“गाऊन म्हण गड्या. गाण्यात कुणी अडकत न्हाई. माझ्या मागनं म्हण, हॅऽऽलो…”

आणि मी म्हणालो. सुरात. सगळ्या तासगावात माझा आवाज गेला, एकदाही न अडकता. मी माझ्याच कर्ण्यातून मला ऐकलं. त्या क्षणाला मी काय म्हणू? जन्मलो म्हणू? त्या दिवसापासून त्यानं मला धरून बसवलं. पेढीवर हळदीच्या पोत्यांमध्ये बसून आधी सुरात बोलायचं, मग सूर हळूहळू काढून टाकायचा. त्याला हे कुणी शिकवलं होतं? कुणी नाही. त्याला वाटलं, म्हणून केलं. वर्षाच्या आत मी मालनशी बोलू शकलो. मालन त्याच्या झग्यांना टिकल्या लावून द्यायची, शिवणकामाच्या वर्गात शिकवायची. मी तिला पहिलं वाक्य बोललो ते अर्धवट गाऊनच. ती म्हणाली, “असं काय बोलता हो, भजनावानी?” आणि हसली. माझ्या घरातलं जे काही आहे — बायको, दोन मुलं, दाराबाहेरचा माझ्या लाऊडस्पीकरच्या दुकानाचा फलक — त्याच्या मुळाशी तो ‘हॅलो’ आहे. हे मी विसरलेलो नाही. एक दिवससुद्धा नाही.

म्हणूनच पुढचं सांगणं अवघड आहे.

थांबा, फलटणचं आधी सांगू द्या. मी टाळतोय असं वाटेल तुम्हाला. टाळतोय थोडंसं. पण फलटण नसतं तर तो पाहुणा आलाच नसता.

फलटणला साखर कारखान्याच्या मैदानावर कार्यक्रम होता, गळीत हंगाम सुरू होण्याचा. हजारो माणूस. भूपाल त्या बुटांवर डुलत आला आणि शिट्ट्या सुरू झाल्या. मग शिव्या. मग उसाची कांडी यायला लागली. एक त्याच्या खांद्याला लागलं, टिकल्या सांडल्या. आमच्यातले तात्या हवालदार उठून उभे राहिले. तात्या फौजेतून आलेले. तोफेच्या आवाजानं एक कान गेलेला, म्हणून कर्ण्याला चिकटून बसायचे आणि म्हणायचे, “ह्यो एकच गडी मला दोन्ही कानांनी ऐकू येतो.” तात्या छाती काढून मंचापुढं जाऊन उभे राहिले. मारा मला, अशा बेतानं.

भूपालनं माईकमधून सांगितलं, “तात्या, बसा खाली. आवं, पाहुण्यांनी ऊस दिलाय, नको कसं म्हणायचं?” आणि पायाशी पडलेलं कांडं उचलून, दातांनी सोलून, सगळ्या मैदानासमोर तो शांतपणे खायला लागला. चोयट्या नीट बाजूला ठेवत. मी माईक चालूच ठेवला होता. ऊस फोडल्याचा आवाज सगळ्या कारखान्यावर ऐकू येत होता. लोक हसायला लागले, पण आता निराळं हसू. तो म्हणाला, “गोड हाय. आता माजं ऐका.” आणि गायला. त्या दिवशी फलटण त्याच्या मुठीत होतं. परत येताना टेम्पोत तात्या डोळे पुसत होते आणि धूळ गेली म्हणत होते.

त्या गर्दीत कुणाचा तरी नातलग होता. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीतल्या माणसाचा.

झालं. आता आलं ते.

पलूसला जत्रेनंतर शाळेच्या मैदानावर भूपालचा कार्यक्रम होता. ऊन उतरल्यावर सुरू करून दिवेलागणीला संपवायचा. दुपारी मामा जेवायला गेलेले. मी एकटा दुकानात, टेम्पोत भरायला वायरी गुंडाळत होतो. पायरीवर एक गृहस्थ आले. चामडी बॅग, घामानं ओला शर्ट, थकलेला पण सज्जन चेहरा.

“भूपाल चौगुले म्हणून गाणारे आहेत, त्यांची व्यवस्था तुमच्याकडे असते ना?” ते म्हणाले. “मी मुंबईहून आलोय. आमची रेकॉर्ड कंपनी आहे. फलटणला आमच्या मेव्हण्यांनी ऐकलं त्यांना, तेव्हापासून डोकं खाल्लंय आमचं. आज कुठंतरी कार्यक्रम आहे म्हणे, गावाचं नाव विसरलो बघा. एकदा ऐकतो. आवडलं तर उद्या सकाळच्या गाडीनं बरोबरच घेऊन जाईन म्हणतो.”

किती साधं होतं. ‘पलूस.’ एक शब्द. ‘बसा, टेम्पो तिकडंच निघालाय.’ दुसरं वाक्य. एवढंच लागत होतं.

आणि मी काय पाहिलं त्या क्षणी? मी मुंबई पाहिली. रेडिओवर त्याचा आवाज पाहिला, म्हणजे माझ्या भावाच्या पलटणीत, वडिलांच्या ओसरीवर, त्या भरतीच्या रांगेत हसलेल्या सगळ्यांच्या घरात. कानामागं अभ्रक नसलेल्या लाखो माणसांना तो आवडताना पाहिला. आणि मला तो आमच्यातून जाताना दिसला. आमचा टेम्पो रिकामा. पेढीवरची पोती, त्यांच्यामध्ये बसणारा मी, आणि समोर कुणीच नाही. वाटलं, हा गेला तर माझी जीभ पुन्हा अडकेल. की ही कारणं मी नंतर शोधली? तेव्हा फक्त एवढंच वाटलं असेल — देणार नाही. आमचा आहे. कुणाला देणार नाही.

“कार्यक्रम रद्द झाला,” मी म्हणालो. “भूपालचा घसा गेला. कायमचा. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलंय.”

तुमच्या लक्षात आलं का? मी अडखळलो नाही. ‘क’वर नाही, ‘भ’वर नाही. सूर लागला नाही, टेकू लागला नाही. अनोळखी माणसासमोर आयुष्यात पहिल्यांदा मी असं सलग, स्वच्छ बोललो — आणि जे बोललो ते हे.

“अरेरे,” ते म्हणाले. खरंच हळहळले. “घरी जाऊन निदान भेटतो त्यांना.”

“गावात नाहीत. कर्नाटकात पाहुण्यांकडं गेलेत. कधी येतील सांगता येत नाही.”

मी त्यांना पाणी दिलं. चहा मागवला. ते टेकून बसले, रुमालानं मान पुसली. “मिरजेला स्टेशनसमोर लॉजवर उतरलोय. सकाळच्या गाडीनं परत जातो मग,” म्हणाले. आणि जाताना पायरीवर थांबून हसून म्हणाले, “तुमचा आवाज छान आहे हो. उच्चार स्वच्छ. निवेदन का करत नाही?”

मला आनंद झाला. हेही सांगितलं पाहिजे. त्या स्तुतीनं मला आनंद झाला.

मग मी टेम्पो भरून पलूसला गेलो आणि त्याच हातांनी त्याचे कर्णे टांगले.

भूपाल डबा खाऊन तयार बसला होता. मालननं त्याला नवा झगा शिवला होता, मोरपिशी, खांद्यावर चांदण्या. मला जवळ बोलावून म्हणाला, “सर्जा, म्होरं एक चांगली खुर्ची ठेव. हात असलेली. आन् वर धुतलेली चादर टाक.”

“कुणासाठी?”

“असंच रं. एखादा पाहुणा आला तर.”

तेव्हा मला कळलं, की त्याला माहीत होतं. फलटणच्या माणसानं त्याला निरोप दिला होता, आणि तो कुणाला बोलला नव्हता. आम्हाला आशा लागू नये म्हणून.

मी शाळेतून हेडमास्तरांची खुर्ची आणली. चादर टाकली. मी टाकली.

तो त्या दिवशी जसा गायला तसा कधीच गायला नव्हता. आधी नाही, नंतर नाही. सूर्य मावळत होता आणि त्याच्या खांद्यावरच्या टिकल्यांवर लाल उजेड पडला होता. एरवी तो आमच्याकडं बघून गायचा. त्या दिवशी त्या खुर्चीकडं बघून गायला. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला एकदा रस्त्याकडं नजर, मग खुर्चीकडं, मग डोळे मिटून गाणं. तात्या रडत होते. मालन रडत होती. एक म्हातारी उठून त्याची दृष्ट काढून गेली. मी माईकच्या पेटीपाशी उभा होतो, आणि आवाज कमी-जास्त करत होतो. काम चोख केलं मी.

दिवे लागले तसा कार्यक्रम संपला. माणसं पांगली. भूपाल मंचावरून उतरला, सरळ त्या खुर्चीत जाऊन बसला आणि बूट काढले. पाय सुजले होते. मी वायर ओढत जवळून चाललो होतो.

“मुंबईचा एक माणूस येनार हुता गड्या,” तो म्हणाला. “रेकॉर्डवाला. आला न्हाई.”

मी उभा राहिलो.

“गाडी चुकली असंल त्येची,” तो म्हणाला. “जाऊ दे. पर मी चांगला गायलो न्हवं?”

अजून वेळ होता, हे तुम्हाला कळतंय ना? मिरज काही फार लांब नव्हती. गाडी सकाळची होती. टेम्पो तिथंच उभा होता. मी तोंड उघडलं. ‘मि…’ म्हणालो. ‘मि… मि…’ आणि अडकलो. दुपारी पाण्यासारखी वाहिलेली जीभ आता हलेना.

त्यानं मान वर केली. दमलेला चेहरा, डोळ्यांखाली काजळ उतरलेलं. माझ्याकडं बघून हसला. “गाऊन सांग की रं,” तो म्हणाला.

मी मान हलवली. काही नाही, अशी. आणि वायर गुंडाळायला गेलो.

एवढंच आहे. दोन वेळा. एकदा दुपारी बोललो म्हणून, एकदा संध्याकाळी बोललो नाही म्हणून.

पुढं काय झालं? जे होतं ते. रेकॉर्डवाले पुन्हा आले नाहीत. घसा गेलेल्या माणसाकडं कोण येतं? भूपाल आणखी एक-दोन हंगाम गायला. मग वडिलांना अर्धांगवायू झाला, पेढी त्याच्या अंगावर आली. नव्या पार्ट्या निघाल्या, सिनेमातली गाणी हुबेहूब म्हणणाऱ्या. लोकांना तीच हवी होती. भूपालनं गिटार कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली. लग्न केलं, शोभा झाली. हळदीच्या व्यापारात त्याचं नाव झालं. कुरकुर केल्याचं मी कधी ऐकलं नाही. पेढीवर तोल बघता बघता गुणगुणायचा. हमाल म्हणायचे, शेठ खुशीत हायती.

आणि आम्ही? आम्ही तेवढेच राहिलो. वर्षातून एकदा जमायचो, पलूसलाच, कुणाच्या तरी मळ्यात. पिठलं-भाकरी, त्याची गाणी आम्हीच म्हणायची, कानामागं अभ्रक. शेवटी एकानं भाषण करायचं. ते भाषण दरवर्षी मी करायचो. तोतरा सर्जेराव भाषण करतो याचंच सगळ्यांना कौतुक. आणि त्या भाषणात मी काय म्हणायचो? म्हणायचो — या माणसाला जगानं ओळखलं नाही. मुंबईला कान नव्हते. सगळे माना हलवायचे. तात्या, जिवंत होते तोवर, प्रत्येक वेळी म्हणायचे, “खरं हाय.” भूपालही बसलेला असायचा, मांडी घालून, खाली बघत. दरवर्षी मी त्याच्या समोर उभा राहून मुंबईला दोष दिला.

त्याच्याकडं बोट दाखवून कुणी मला विचारलं असतं, हा तुझा कोण — तर मी म्हणालो असतो, माझा आवाज. आणि ते खरं होतं. अजूनही आहे. एखाद्यावर एवढं प्रेम असताना माणूस असं करू शकतो का? मला वाटायचं, नाही करू शकत. म्हणून माझ्याच गुन्ह्यावर कधी कधी माझा विश्वास बसायचा नाही. पण प्रेम होतं आणि मी ते केलं. दोन्ही खरं आहे.

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीला तो गेला. त्याआधी आजारी होता तेव्हा मी रोज जायचो. श्वास लागायचा, फार बोलायचा नाही. एके दिवशी सकाळी माझा हात त्यानं हातात घेतला. इतक्या वर्षांनीही नखांच्या कडेला हळद.

“सर्जा,” तो म्हणाला, “तू हुतास म्हणून मी गायलो रं. न्हाईतर कवाच सोडलं असतं. मंचावर चढायला भ्या वाटायचं मला. खाली तू माईकपाशी दिसलास की वाटायचं, हाय, आपला माणूस हाय. तुजं लय उपकार हायती.”

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. खिडकीतून पेठेतला आवाज येत होता. माझी जीभ मोकळी होती, अगदी मोकळी. आणि मी म्हणालो, “असं काय म्हणतोस भूपालदादा, उपकार तुझेच.” त्यानं डोळे मिटले. त्यानं माझे आभार मानले होते, आणि मी ते घेतले.

दिवसकार्य झाल्यावर शोभा माझ्याजवळ येऊन बसली. ती शाळेत शिकवते, बापासारखेच मोठे डोळे. माळ्यावरची गिटार तिनं खाली काढली होती, पुसून भिंतीला टेकवली होती.

“काका,” ती म्हणाली, “अप्पांना खरंच कधी कुणी विचारलं नाही का हो? एवढे गायचे म्हणता, एकदाही कुणी आलं नाही? अप्पा हसून सोडून द्यायचे. मला वाटायचं, ते इतके चांगले नसतील. तुम्हीच आपले प्रेमानं म्हणत असाल.”

मी म्हणालो, “नाही बाळा. कुणी आलं नाही.”

तिनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं की तिनं ते मान्य केलं — बाप बरा गात असेल, एवढाच. मी चहा पिऊन घरी आलो.

शोभा, हा कागद तुझ्याकडं आधी येईल, मग दुसऱ्या कुणाकडं. तुझे अप्पा चांगले गायचे. फलटणला त्यांना ऐकून एका माणसानं मुंबईला कळवलं. मुंबईहून एक गृहस्थ त्यांच्यासाठी सांगलीला आले. अप्पा त्या दिवशी पलूसला त्यांची वाट बघत गायले. त्या गृहस्थांना मीच परत पाठवलं.